सिस्टिम पुन्हा पुन्हा बसते, त्याचा हिशोब मालकापुढे कसा मांडायचा

मार्च अखेरची दुपार. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याच्या गेटबाहेर नऊ ट्रक उभे होते. माल भरलेला, ताडपत्र्या आवळलेल्या, पण एकही गाडी हलत नव्हती, कारण बिल निघत नव्हतं. ड्रायव्हर कडुनिंबाखाली गमछे अंथरून आडवे झाले होते. डिस्पॅचचे नाना दर पाच मिनिटांनी ऑफिसात डोकावायचे, "झालं का हो?" अकाउंट्सच्या ताई काही न बोलता स्क्रीनकडे बोट दाखवायच्या. गोल चक्र फिरतंय ते फिरतंयच.

पूर्वी अशा वेळी हातानं चलन फाडून गाडी काढता यायची. आता तसं होत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्याला व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचं ई-इनव्हॉइस करावंच लागतं. पोर्टलवरून नंबर आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते बिल बिल ठरत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं ते वेगळंच. म्हणजे आतला सर्व्हर बसला की बाहेरचा ट्रकही बसला.

मी पोचलो तेव्हा सर्व्हरची डिस्क भरलेली होती. डेटाबेसची लॉग फाइल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल, फुगत फुगत सगळी जागा खाऊन बसली होती. जागा मोकळी केली, सर्व्हिस चालू केली, वीस मिनिटांत पहिलं बिल छापलं गेलं. शेठ केबिनमधून बाहेर आले, प्रिंटरकडे बघितलं आणि म्हणाले, "चाललं ना आता? मग झालं, भो."

झालं नव्हतं. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा डिस्क भरली होती, आणि तिन्ही वेळा आम्ही तेच केलं होतं.

आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट हे नाव ऐकलं की आपल्याकडचा माणूस समजतो की हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं काम. मला हे खोडून काढायचं आहे. कॉम्प्युटर विभागानं मशीन सांभाळायचं की मशीनवर चालणारं काम सांभाळायचं, एवढाच हा प्रश्न आहे. शेठला सर्व्हर नको असतो, त्यांना वेळेवर बिल हवं असतं. बिल निघणं ही 'सर्व्हिस'. ती अखंड मिळावी म्हणून कोणी काय करायचं, कधी करायचं, कुठे लिहून ठेवायचं याची शिस्त म्हणजे हे सगळं व्यवस्थापन.

या शिस्तीतले चार शब्द नीट कळले की निम्मं काम होतं. यावल-रावेरकडच्या केळीवाल्याला ते दोन मिनिटांत कळतात. ठिबकची एक ओळ कोरडी दिसली की मजूर टाचणीनं ड्रीपर मोकळा करतो. हा झाला इन्सिडेंट: काम अडलंय, आधी ते चालू करा. पण रोज नव्या ओळीतले ड्रीपर चोक व्हायला लागले तर जाणता शेतकरी टाचणी खिशात ठेवतो आणि फिल्टरकडे जातो. सँड फिल्टर बॅकवॉश केलाय का, ॲसिड ट्रीटमेंट शेवटची कधी दिली, पाण्यात क्षार किती आहेत. हा प्रॉब्लेम, म्हणजे मुळातलं दुखणं. मग कळतं की गेल्या आठवड्यात नव्या माणसानं कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत एकाच टाकीत टाकलं, त्याचा साका धरला आणि तो नळ्यांमध्ये गेला. हा चेंज. केला एकानं, कुणाला सांगितला नाही, लिहूनही ठेवला नाही. चौथा शब्द रिक्वेस्ट, तो सोपा आहे. नव्या मजुराला विळा द्या, तसं नव्या कारकुनाला लॉगिन द्या. त्यात बिघाड काही नसतो.

आमच्या कारखान्यात आम्ही तीन महिने टाचणीच वापरत होतो.

चौथ्यांदा ट्रक अडू नयेत म्हणून मी एका रविवारी बसून मूळ शोधलं. डेटाबेसच्या लॉगचा बॅकअप झाला की आतली जागा पुन्हा वापरायला मिळते. बॅकअपच झाला नाही तर फाइल वाढतच राहते. आणि बॅकअप होत नव्हता. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी सुरक्षेसाठी एका खात्याचा पासवर्ड बदलला होता. हेतू चांगला, काम बरोबर. पण रात्रीचा बॅकअप त्याच खात्यावरून चालायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या रात्रीपासून बॅकअप रोज फेल होत होता आणि रोज त्याची नोंद अशा एका जागी पडत होती जिथे कोणी बघत नव्हतं.

ट्रक अडले ते लोकांना दिसलं. चार महिने कारखान्याच्या सगळ्या हिशोबाची एकच प्रत होती, एका जुन्या डिस्कवर, हे कुणालाच दिसलं नाही. त्या रविवारी मला खरोखर घाम फुटला.

पहिला प्रस्ताव आणि त्याचं काय झालं

त्या आठवड्यात मी शेठपुढे प्रस्ताव ठेवला, आणि तो चुकीच्या भाषेत ठेवला. आयटील काय आहे इथून मी सुरुवात केली. ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेनं १९८० च्या दशकात सरकारी खात्यांच्या कॉम्प्युटर कामासाठी चांगल्या पद्धती गोळा करायला घेतल्या, त्यातून आयटील उभं राहिलं, त्याची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली, आयटी सेवांचं आयएसओ २०००० हे मानक २००५ पासून आहे. सगळं खरं. पण समोर बसलेल्या माणसाला त्याचा ट्रक, त्याचा मजूर आणि त्याचं उधारीचं चक्र दिसत होतं, आणि माझ्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. "बघू दिवाळीनंतर," असं म्हणाले. आपल्याकडे याचा अर्थ नाही असाच होतो.

शेठची काही चूक नव्हती. मशीन घेतलं तर मशीन दिसतं, शेड बांधली तर शेड दिसते. प्रक्रिया सुधारली तर काय दिसतं? ट्रक अडला नाही, फोन आला नाही, कोणी ओरडलं नाही. न घडलेल्या गोष्टीचे पैसे मागायचे असतील, तर घडलेल्या गोष्टीचा हिशोब आधी दाखवावा लागतो. आयटीलच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये 'आहात तिथून सुरुवात करा' असं एक आहे. आधी आहोत कुठे ते मोजा, असा मी त्याचा अर्थ घेतो.

रजिस्टर

मोजायला सॉफ्टवेअर लागत नाही. आम्ही एक दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि पाच रकाने आखले. काम कधी अडलं, कधी सुटलं, कुणाचं अडलं, काय केल्यावर सुटलं, आणि हेच आधी झालं होतं का. काही आठवडे प्रत्येक तक्रार त्यात लिहायची, फोनवर आलेली, जाता-येता सांगितलेली, सगळी. पाचवा रकाना सर्वांत मोलाचा. त्यात 'हो' किती वेळा आलं हे मोजलं की टाचणीचं काम किती आणि फिल्टरचं किती हे उघडं पडतं.

इथे एक सावधगिरी. "आमची सिस्टिम ९९ टक्के चालते" हे वाक्य ऐकायला गोड लागतं. वर्षाचे तास होतात ८,७६०. त्यातला एक टक्का म्हणजे ८७ तासांहून जास्त, साडेतीन दिवसांच्या वर. ९९.९ टक्के म्हटलं तरी पावणेनऊ तास. आणि ते तास कधी पडले याला जास्त महत्त्व आहे. पोळ्याच्या सुट्टीत सर्व्हर चार तास बंद पडला तर कुणाला कळणारही नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तोच अर्धा तास बंद पडला तर गेटवर रांग लागते. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवा आणि कामाच्या वेळेत बिलिंग किती तास बंद होतं ते लिहा.

आता रुपये. खालचे आकडे मी गोल केले आहेत, हिशोबाची रीत बघा.

बिलिंग एका तिमाहीत तीन वेळा, मिळून सात तास बंद. चौदा माणसं खोळंबली, ताशी सरासरी १५० रुपये धरले तर १४,७००. आठ गाड्या रात्रभर मुक्कामी, हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या भाड्याचे, २,००० प्रमाणे १६,०००. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवलेल्या हमालांचा ओव्हरटाइम ९,०००. बाहेरून धावत आलेल्या इंजिनिअरचे तीन फेऱ्यांचे १०,५००. एकूण ५०,२००. वर्षाचे धरले तर दोन लाख.

बहुतेक लोक इथे दोन चुका करतात आणि त्यांचा प्रस्ताव तिथेच पडतो. पहिली चूक, अडलेल्या मालाची सगळी किंमत नुकसान म्हणून लिहिणं. नऊ ट्रकमधला माल तीस लाखांचा होता, पण तो दुसऱ्या दिवशी गेलाच. विक्री लांबली, बुडाली नाही. तीस लाख लिहिले असते तर शेठच्या मुनीमजींनी कागद हातात घेऊन पहिल्या ओळीतच बाजूला ठेवला असता. गिऱ्हाईक खरंच दुसरीकडे गेलं असेल, ऑर्डर रद्द झाली असेल, तरच ती रक्कम धरा, आणि तीही त्यातल्या नफ्यापुरती.

दुसरी चूक जास्त बारीक आहे. वाचलेला वेळ म्हणजे वाचलेला पगार नव्हे. चौदा माणसं सात तास बसली नाहीत म्हणून त्यांचा पगार कमी होत नाही. हॉल्टिंग, ओव्हरटाइम आणि इंजिनिअरच्या फेऱ्या हे मात्र खिशातून जाणारे पैसे. म्हणून कागदावर दोन रकाने हवेत, एक रोखीचा आणि एक वेळेचा. दोघांची बेरीज करून मोठा आकडा दाखवायचा मोह होतो. तो आवरा. मालक रोज पैसे मोजणारा माणूस आहे, त्याला फरक लगेच कळतो.

हाच सच्चेपणा खर्चाच्या बाजूला ठेवायचा. तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर हा सर्वांत छोटा खर्च. जीएलपीआय किंवा ओएसटिकीट यांसारखी फुकटची सॉफ्टवेअर छोट्या कारखान्याला भरपूर होतात. आम्ही लहान सर्व्हरचे १८,००० आणि शिकवण्याचे ३०,००० धरले. खरा खर्च माणसाचा. आयटीतल्या मुलाचा अर्धा वेळ नोंदी ठेवणं, मूळ शोधणं, बदल लिहून घेणं यात जाणार. बावीस हजार पगाराचा अर्धा, म्हणजे वर्षाचे १,३२,०००. हा खर्च लपवला तर तो मुलगा जुनी धावपळ करून उरलेल्या वेळात हे करतो, आणि दोन महिन्यांत रजिस्टर कोरं राहायला लागतं.

साक्रीकडे पांझरा नदीवर फड पद्धतीनं पाणी द्यायची रीत शेकडो वर्षांची. पाणी कुणाला, कधी, किती हे बघायला तिथे पाटकरी असतो, आणि त्याच्या कामाचा मोबदला द्यावा लागतो हे फडातल्या कुणाला पटवावं लागत नाही. पाट कितीही चांगला बांधला, तरी वळवणारा माणूस नसेल तर शेवटच्या वावरात पाणी पोचत नाही. सॉफ्टवेअर हा पाट. पाटकऱ्याचे पैसे धरा.

बचतीकडे वळू. सगळं अडणं थांबेल असं कधीही म्हणू नका. आम्ही साठ टक्के कमी होईल असं धरलं. रोखीतले वर्षाचे १,४२,००० जात होते, त्यातले सुमारे ८५,००० वाचतील. रजिस्टर लिहिताना एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. कोणती मशीनं कुठे आहेत याची यादी केली तर कळलं की भंगारात गेलेल्या चौदा मशीनची एएमसी, म्हणजे देखभालीच्या वार्षिक कराराचे पैसे, आपण अजून भरतोय, आणि अँटिव्हायरसची पंचवीस लायसन्स कुणीच वापरत नाही. पन्नास हजार तिथेच सापडले. तर रोखीच्या रकान्यात बचत १,३५,०००, खर्च ४८,०००. वेळेच्या रकान्यात बचत पस्तीस हजारांची, खर्च १,३२,००० चा. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी हे काम दहा हजार कमी पडून जवळजवळ बरोबरीत सुटत होतं.

मी ते तसंच लिहिलं. आकडे ताणून दुप्पट-तिप्पट फायदा दाखवणारे प्रस्ताव मी पाहिलेत. ते एकदा मंजूर होतात, दुसऱ्यांदा कोणी दारात उभं करत नाही.

बेरजेत न बसणारी ओळ

मग बरोबरीत सुटणारं काम करायचं कशाला? कारण बॅकअप. चार महिने बॅकअप नव्हता, त्या काळात डिस्क गेली असती तर येणी कुणाकडे किती, हे कागदी फायलींवरून जुळवत बसावं लागलं असतं. याची किंमत मी आकड्यात लिहिली नाही, कारण कोणताही आकडा माझ्या मनचाच झाला असता. एक वाक्य लिहिलं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे हिशोबाची दुसरी प्रत नव्हती, आणि हे आपल्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. सोबत फेल झालेल्या रात्रींची यादी जोडली. शेठ त्या पानावर सर्वांत जास्त वेळ थांबले.

धोक्याची बाजू लिहिताना भीती घालू नये, पण कायदा काय म्हणतो ते सांगावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ज्याच्याकडे तक्रार कधी आली याचीच नोंद नाही, तो सहा तास कुठून मोजणार? कामगारांचे आधार आणि बँकेचे तपशील कॉम्प्युटरवर असतातच, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहकारी बँकेत काम करणाऱ्यांना तर आणखी सरळ उदाहरण मिळतं. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते परत जमा करायचे, पुढे रोज शंभर रुपये भरपाई. तिथे उशिराची किंमत नियमानंच लिहून दिलेली आहे, तुम्ही फक्त प्रकरणं मोजायची.

आणखी एक धोका आपल्याकडे सर्रास आहे आणि कागदावर कधी येत नाही. सगळं एका माणसाच्या डोक्यात असतं. तो लग्नाला नंदुरबारला गेला आणि फोन लागला नाही, की कारखाना थांबला. तो माणूस वाईट नसतो, उलट सर्वांत कष्टाळू तोच असतो. त्याला न दुखावता हे लिहायचं असेल तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. कोणत्या दहा गोष्टी फक्त तुलाच येतात?

दुसऱ्या वेळचा कागद दोन पानांचा होता. तीन पर्याय दिले. काहीच करायचं नाही, आणि त्याला वर्षाला किती लागतात. फक्त बिलिंगपुरतं तीन महिने करून बघायचं. किंवा सगळ्या विभागांत एकदम करायचं. मी मधला मागितला आणि तिसरा का नको तेही सांगितलं. वेळही बघितली. आपल्याकडे सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो, वर्षाची बोली तेव्हाच होते. कारखान्याची खर्चाची बोलीही एप्रिलमध्येच होते, म्हणून कागद त्याच आठवड्यात नेला. शेवटची ओळ अशी होती: तीन महिन्यांत बिलिंगचे बंद तास निम्मे झाले नाहीत तर हे काम थांबवू. ती ओळ शेठनी दोनदा वाचली आणि खाली सही केली.

कागद नेण्याआधी तो तीन माणसांना दाखवला होता. मुनीमजींनी हॉल्टिंगचा दर दुरुस्त केला. नानांनी सांगितलं की मुक्कामी राहिलेल्या गाड्या आठच, बाकीच्या रात्री उशिरा सुटल्या. ताईंनी ओव्हरटाइमच्या पावत्या काढून दिल्या. त्यामुळे आकडे माझे एकट्याचे राहिले नाहीत.

मंजुरीनंतर एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात अडचण होते. नोंदी सुरू झाल्या की तक्रारी वाढलेल्या दिसतात. बिघाड वाढलेला नसतो, पूर्वी लोक जाता-येता सांगायचे किंवा गप्प बसायचे, ते आता टिकीट टाकतात, म्हणजे तक्रार नोंदवतात. आमच्याकडे ही संख्या जवळजवळ दुप्पट झाली. आधी सांगितलं होतं म्हणून शेठ शांत राहिले. आणि किती टिकिटं बंद केली यावर मुलाला शाबासकी देऊ नका. तो पटापट बंद करायला शिकेल आणि तीच तक्रार नव्या नंबरनं परत येईल. पाचवा रकाना मोजा.

सहा महिन्यांनी तोच कागद परत काढला. बिलिंगचे बंद तास निम्म्याहून खाली आले होते, हॉल्टिंग जवळपास संपलं होतं. ओव्हरटाइम मात्र कमी झाला नव्हता. शोधलं तर कळलं की महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत सगळ्या गाड्या एकदम लागतात, हमाल थांबतात ते त्यामुळे. ते दुखणं आयटीचं नव्हतंच, माझा अंदाज चुकला होता. त्या ओळीपुढे लाल पेनानं तसं लिहिलं आणि कागद शेठकडे दिला. त्याच बैठकीत बॅकअपची दुसरी प्रत कारखान्याबाहेर ठेवण्यासाठी पैसे मागितले. शेठनी दर विचारला नाही. चष्मा वर केला आणि म्हणाले, "ही प्रत चालते की नाही हे दर महिन्याला कोण बघणार, त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं?"